पॅडॉकमधली संगत



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांचं आयुष्य लेथपाशी उभं राहण्यात गेलं. म्हणून आज यंत्रांवर, आणि यंत्रांभोवती जमणाऱ्या माणसांवर बोलावं असं मनात आलं. विषय मात्र दूरचा आहे. जुन्या मोटारींच्या हौशी शर्यती, आणि त्याही मुख्यतः इंग्लंडातल्या.

कोल्हापुरात जुनी मोटार म्हटलं की दसऱ्याची मेबॅक डोळ्यांपुढे येते. ती दसरा चौकात येते, लोक वाट करून देतात, काही जण हात जोडतात. मुंबईच्या व्हिंटेज रॅलीतही जुन्या गाड्या सावकाश जातात, फोटो काढले जातात, संध्याकाळी त्यांच्यावर पुन्हा कापड पडतं. आपल्याकडे जुनी गाडी मिरवते. इंग्लंडात जुनी गाडी पळवतात. नव्वदहून अधिक वर्षं हे चालू आहे. गाड्या एकमेकींशी स्पर्धा करतात, वळणावर मागचं अंग टाकत घसरतात, क्वचित उलटतातही. चालवणारे बहुतेक पगारी चालक नसतात. कुणी डॉक्टर, कुणी शेतकरी, कुणी गॅरेजवाला, कुणी शाळेत शिकवणारा. जिंकणाऱ्याला मिळतो एक चषक, आणि तोही पुष्कळदा वर्षभराने परत करायचा.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं मिडलँड्समध्ये काढली. इंजिनांशी संबंधित काम होतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप या शर्यतींकडे वळायचे. पुढेही जाणं-येणं राहिलं. या काळात तिथलं वातावरण बदलताना पाहिलं. 'पैसा आला आणि खेळ बिघडला' असं तिथले जुने लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पैसा त्या खेळात पहिल्या दिवसापासून होता. बदल झाला तो गाडी दुरुस्त करणाऱ्या हातांत. मालकाने पाना खाली ठेवला आणि दुसऱ्याला पगार देऊन तो उचलायला लावला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी त्याचं नातंही बदललं. आज हेच तपशिलात मांडायचं आहे.

सुरुवात ब्रूकलँड्सपासून करावी लागते. लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिजजवळ ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने, १९०७ साली एक ट्रॅक उघडला. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला हा जगातला पहिला ट्रॅक. लांबी पावणेतीन मैल, पृष्ठभाग काँक्रीटचा, वळणांवर कड उंच उचललेली. मोटारशर्यत कशी भरवायची हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून घोड्यांच्या शर्यतीचे रिवाज जसेच्या तसे उचलले गेले. सुरुवातीला चालक जॉकींसारखे रंगीत अंगरखे घालत. शर्यतीआधी गाड्या जिथे उभ्या राहत त्या आवाराला पॅडॉक म्हणत. पैजा घेणारे बुकीही हजर असत. आणि ब्रूकलँड्सची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तिचा आशय असा, की इथे योग्य तीच मंडळी येतात आणि गर्दी होत नाही.

जुन्या सलोख्याविषयी गहिवरून बोलणाऱ्यांनी ही जाहिरात विसरू नये. सलोखा होता, पण तो कुंपणाच्या आतल्या लोकांपुरता. स्त्रियांना १९०८ साली एक खास शर्यत मिळाली, ती म्युरिएल थॉम्पसन यांनी जिंकली, आणि त्यानंतर बराच काळ दार बंद राहिलं. तिसाच्या दशकात के पेट्री यांनी साडेदहा लिटरच्या डेलाज गाडीत ताशी १३४ मैलांच्या वर फेरी मारली. बाई उंचीने पाच फूटही नव्हत्या, पाय पोहोचावेत म्हणून पेडलांवर लाकडी ठोकळे बसवलेले असत. एवढं केल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, पण एवढं करावं लागलं.

याच तिसाच्या दशकात, १९३४ साली, व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब निघाला. उद्देश जाहीर होता: जे फार श्रीमंत नाहीत त्यांना मोटारींचा छंद करता यावा. अट होती की गाडी किमान पाच वर्षं जुनी हवी. ही अट पुढे १९३० या सालाशी पक्की झाली आणि त्याआधीच्या दशकातली गाडी म्हणजे 'व्हिंटेज' असा शिक्का बसला. पाचच वर्षांची गाडी जुनी कशी, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर तिथल्या करपद्धतीत आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा मोटारीवरचा वार्षिक कर इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून काढलेल्या अश्वशक्तीवर बसे. मोठं इंजिन म्हणजे मोठा कर. त्यात मंदी आली. विसाच्या दशकातल्या भारदस्त बेंटली, व्हॉक्सहॉल ३०/९८ यांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि नव्या साध्या गाडीच्या किमतीत, कधी त्याहूनही कमीत, त्या मिळू लागल्या. उलट मंदीनंतरच्या नव्या गाड्या या मंडळींना तकलादू वाटत. म्हणजे क्लबाच्या मुळाशी होती एक आवड, आणि पडेल भावात उत्तम यंत्र मिळण्याची एक दुर्मिळ वेळ.

या क्लबातली माणसं वेगळ्याच घडणीची होती. सेसिल क्लटन, ज्यांना सगळे सॅम म्हणत, हे चर्चमधल्या ऑर्गनांचे आणि जुन्या घड्याळांचे मोठे जाणकार. ते १९०८ सालची ग्रां प्री इटाला घेऊन शर्यतीत उतरत. चार सिलिंडर आणि क्षमता बारा लिटर. बिल बॉडी यांनी 'मोटर स्पोर्ट' मासिकाचं संपादन १९३६ ते १९९१ असं पंचावन्न वर्षं केलं आणि जुन्या गाड्यांविषयीचा प्रत्येक बारकावा छापून ठेवला. १९३९ साली त्यांच्याच पुढाकाराने ७५० क्लब निघाला, तो ऑस्टिन सेव्हन या इवल्याशा गाडीच्या चाहत्यांसाठी. ऑस्टिन सेव्हन १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २ लाख ९० हजार निघाली. इंजिन ७४७ सीसीचं. भंगारात कवडीमोलाने मिळे. तिचं शरीर काढून फेकायचं, सांगाडा ठेवायचा आणि त्यावर स्वतःची शर्यतीची गाडी उभी करायची. कॉलिन चॅपमन या विद्यार्थ्याने असंच केलं, आणि त्यातून पुढे लोटस कंपनी उभी राहिली. तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेन हा पोरही ऑस्टिन सेव्हनवरच शर्यत शिकला.

आता पॅडॉकमधल्या नात्याविषयी. कल्पना करा, तुमची गाडी ज्या कंपनीने बनवली ती केव्हाच बुडाली आहे. सुटे भाग दुकानात नाहीत. माहितीपुस्तक असलंच तर ते तेलकट होऊन फाटलेलं. मिस्त्री ठेवायला पैसे नाहीत. शनिवारी सकाळी मॅग्नेटो ठिणगी देईना. अशा वेळी तुमच्यासारखाच मॅग्नेटो उघडलेला, त्याची गुंडाळी कुठे जळते हे माहीत असलेला माणूस त्या आवारात कोण? दुपारी ज्याच्याशी तुमची शर्यत आहे तोच. त्याच्याकडे जावं लागतं, आणि तो नाही म्हणत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याला तुमच्याकडे यायचं असतं. या देवाणघेवाणीतून मैत्री होते, पण आधी गरज असते. मला हे महत्त्वाचं वाटतं. तिथला सलोखा संस्काराने कमी आणि अडचणीने जास्त तयार झाला.

ग्लॉस्टरशायरमध्ये प्रेस्कॉट नावाची टेकडी आहे. बुगाटी ओनर्स क्लबाच्या मालकीची. १९३८ पासून तिथे चढाईच्या शर्यती होतात. एका वेळी एक गाडी, घड्याळाशी स्पर्धा. ऑगस्टमध्ये व्हिंटेज क्लबाची तिथे शर्यतींची सभा भरते आणि सफरचंदाच्या बागेत, झाडांखाली गाड्या लागतात. तिथे पाहिलेला एक प्रसंग सांगतो. विसाच्या दशकातली एक जीएन होती. या गाडीत गिअरबॉक्सऐवजी प्रत्येक वेगासाठी वेगळी साखळी असते. पहिल्याच चढाईत एक साखळी तुटली. मालक वयस्कर, बरोबर नातू. शेजारच्या फ्रेझर नॅश गाडीवाल्याने, जो त्याच गटात होता, आपला डबा उघडला आणि जोडकडी काढून दिली. नुसती देऊन थांबला नाही, गवतावर आडवा झाला आणि बसवून उठला. मग दोघांनी घड्याळात पाहिलं आणि आपापल्या रांगेत गेले. आभाराचे शब्द फारसे बोलले गेले नाहीत. मला आपल्या उद्यमनगरचे दिवस आठवले, जिथे एका मेस्त्रीचा टॅप दुसऱ्याच्या शेडमध्ये सापडायचा.

या सलोख्याला दुसरा आधार होता धोक्याचा. युद्धपूर्व काळातल्या कित्येक शर्यतीच्या गाड्यांना आजही सीटबेल्ट नसतो, डोक्यावर लोखंडी कमान नसते. गाडी उलटली तर चालक बाहेर फेकला जाणार. टायर अरुंद, ब्रेक ड्रमचे. अशा दोन गाड्या चाकाला चाक लावून वळणात शिरतात तेव्हा शेजाऱ्याला गाडीभर जागा सोडायचीच असते. चूक झाली तर शिक्षा दंडाची नसते. हे नियम पुस्तकात येण्याआधी अंगात आलेले असत. आणि अपघात झालाच तर आपापलं नुकसान आपण सोसायचं, ही रीत. चूक कुणाची यावर भांडण नाही.

तिसरी गोष्ट हँडिकॅपची, आणि ती मला सर्वांत आवडते. व्हिंटेज क्लबाच्या कित्येक शर्यती अशा असतात की हळू गाडी आधी सुटते, वेगवान गाडी मागाहून, ठरावीक सेकंदांच्या अंतराने. हिशेब असा बांधतात की शेवटच्या फेरीत सगळे एकत्र यावेत. त्यामुळे ऑस्टिन सेव्हनवाला बुगाटीवाल्याला हरवू शकतो आणि त्यात कुणावर उपकार नसतो. गाडीवर जास्त खर्च करून फायदाही होत नाही, कारण पुढच्या वेळी हिशेबनीस तुम्हाला आणखी मागे ढकलतो. लॉरेन्स पोमरॉय यांच्या नावाच्या स्पर्धेत तर इंजिनाचा आकार, गाडीची लांबी आणि वय यांचं गणित मांडून निरनिराळ्या काळातल्या गाड्या एका पंक्तीत बसवतात. पैसेवाला आणि बेताचा, दोघांनाही उमेद राहील अशी ही रचना जाणूनबुजून केलेली होती.

युद्धानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो. ब्रूकलँड्स १९३९ साली बंद पडलं, विमानकारखान्यांनी ती जमीन गिळली. पण युद्धाने विमानतळ मागे ठेवले. १८ सप्टेंबर १९४८ रोजी वेस्टहॅम्पनेट या लढाऊ विमानांच्या तळाभोवतीच्या रस्त्यावर गुडवुडची शर्यत सुरू झाली. २ ऑक्टोबरला सिल्व्हरस्टोन या बॉम्बफेकी विमानांच्या तळावर पहिली मोठी शर्यत झाली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर पुढे शर्यती भरू लागल्या, तेही युद्धकाळातलंच विमानतळ. रिकामी धावपट्टी, गवताच्या पेंढ्या, दोरखंड, एवढ्यावर खेळ उभा राहिला आणि ब्रूकलँड्सचं कुंपण आपोआप काहीसं खाली आलं.

त्याच २ ऑक्टोबरला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावात, गावच्या रस्त्यांवरून, युद्धोत्तर काळातली पहिली मोठी रस्त्यावरची शर्यत झाली. सुमारे साडेसहा मैलांची फेरी, वाटेत रेल्वेचं फाटक आणि दगडी पूल. १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेची ती शर्यत. या क्लबाचा कटाक्ष होता की शर्यत हौशीच राहिली पाहिजे, जिंकणाऱ्याला रोख पैसे द्यायचे नाहीत. तत्त्व ऐकायला उदात्त. व्यवहारात असं झालं की श्रीमंत मालक चांगल्या चालकाला आपली फेरारी द्यायचा, प्रवासखर्च करायचा, आणि चालकाला कागदावर हौशी ठेवायचा. ज्याच्यामागे असा मालक नाही, त्याने स्वतःच्या खर्चाने जिंकावं आणि बक्षिसाची आशा करू नये. साठच्या दशकाच्या सुरुवातीला क्लबाला व्यावसायिक शर्यती मान्य कराव्या लागल्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पैसा न घेणं म्हणजेच हौस, असं आपण फार सहज धरतो. पैसा न घेणं पुष्कळदा ज्याला परवडतं त्यालाच परवडतं.

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींनी एक नियम मात्र असा दिला की मी त्याचा आदर करतो. त्याला तेरा-तेरा म्हणतात. शर्यतीत टक्कर झाली आणि दोष तुमचा ठरला, तर पुढचे तेरा महिने तुम्ही नजरेखाली. त्या काळात पुन्हा दोष ठरला, तर तेरा महिने घरी बसायचं. बारा का नाहीत? कारण तेरा महिने धरले की पुढच्या वर्षीची तीच शर्यतही हातची जाते. माणसाला सर्वांत जास्त काय लागतं हे ज्याला कळलं, त्यानेच हा नियम लिहिला असणार. तरी हेही खरं, की असा नियम लिहावा लागला. प्रेस्कॉटच्या बागेत तो लिहायची वेळ आली नव्हती.

आता वळणाच्या काळाकडे येतो. १९६६ साली गाय ग्रिफिथ्स या छायाचित्रकाराच्या पुढाकाराने इंग्लंडात कॅसल कूम इथे एक शर्यत झाली. तिच्यात युद्धानंतरच्या, तेव्हा नुसत्याच 'जुन्या' आणि बिनकिमतीच्या ठरलेल्या स्पोर्ट्स गाड्या उतरल्या. त्यातून हिस्टॉरिक स्पोर्ट्स कार क्लब झाला. १९७४ साली कॅलिफोर्नियात लगुना सेकाला स्टीव्ह अर्ल यांनी मॉन्टेरेची वार्षिक सभा सुरू केली. पुढे १९९७ मध्ये मोनाको, १९९८ मध्ये गुडवुड, २००२ मध्ये ल मां, असे मोठे मोठे उत्सव उभे राहिले. आणि या काळात गाड्यांच्या किमती चढत गेल्या.

एकच उदाहरण घेतो, फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात ३६ गाड्या बनल्या. अमेरिकेत नव्या गाडीची किंमत १८ हजार डॉलरच्या आसपास होती. शर्यतीचं आयुष्य संपल्यावर साठच्या दशकाच्या अखेरीस ती कुणाही जुन्या रेसगाडीसारखी स्वस्त झाली होती, आणि साधे उत्साही लोक ती विकत घेऊन रविवारी पळवत. २०१८ साली मॉन्टेरेच्या लिलावात यातली एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. आता ती गाडी घेऊन वळणात कोण शिरणार? आणि शिरलाच, तर त्याच्या शेजारी आपली साधी गाडी घालायला कुणाचा हात उचलेल? आपापलं नुकसान आपण सोसायचं ही रीत दोन सारख्या कुवतीच्या माणसांमध्ये न्याय्य होती. एकाच्या दरवाजाच्या पत्र्याला दुसऱ्याच्या घराएवढी किंमत आली, की तीच रीत भीती घालू लागते.

याचा दुसरा परिणाम कोर्टात दिसला. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकलेली. पुढे तिचं इंजिन बदललं, सांगाडा बदलला. १९३२ साली ब्रूकलँड्सला तिच्यात क्लाइव्ह डनफी यांचा मृत्यू झाला, त्यानंतर ती नव्या शरीराने पुन्हा उभी केली गेली. १९९० मध्ये तिचा सुमारे १ कोटी पौंडांना सौदा ठरला, आणि घेणाऱ्याने शंका काढली: ल मां जिंकलेली गाडी हीच, हे कशावरून? प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी प्रत्येक भागाचा प्रवास तपासला आणि निकाल दिला की गाडी एकाच ओळखीने अखंड जगत आली आहे, म्हणून ती अस्सलच. निकाल शहाणपणाचा आहे, आणि वाचण्यासारखाही. पण पूर्वी हा प्रश्न पॅडॉकमध्ये चहाचा मग हातात धरून सुटत असे. क्लटन, बॉडी यांसारखी माणसं 'ही तीच' किंवा 'ही नव्हे' म्हणत आणि विषय संपे. त्यांच्या शब्दामागे आयुष्यभराचं पाहणं असे आणि स्वार्थ नसे. किंमत कोटीत गेल्यावर शब्द पुरला नाही. आज आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरायला गाडीला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा तांत्रिक पासपोर्ट लागतो. गाडी तिच्या मूळ काळात जशी होती तशीच आहे, याचा तो कागद.

कागदाने एक गोष्ट साधली, एक निसटली. गाडीचा आकार, इंजिनाची क्षमता, ब्रेकचा प्रकार कागदावर येतो. त्याच आकाराच्या आत काय चाललं आहे ते येत नाही. आजचे धातू चांगले, आजचं मशीनिंग काटेकोर, संगणकावर हवेचा प्रवाह मोजून सिलिंडर हेड घासता येतं. साठ साली त्या इंजिनातून जेवढी ताकद निघत नव्हती तेवढी आज निघते. टायर चिकटून धरतात. परिणामी गाड्या आपल्या तरुणपणापेक्षा वेगाने धावतात. हे काम घरच्या गॅरेजात होत नाही. त्यासाठी तयारी करून देणारे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर एक नवा मालक आला. त्याची गाडी बंद ट्रकमधून येते. ट्रकपुढे मंडप, आत खुर्च्या, जेवण. चार-पाच कारागीर गणवेशात. मालक शर्यतीच्या दिवशी येतो, हेल्मेट घालतो, उतरतो, आणि उतरल्यावर मोबाइल काढतो. तो वाईट माणूस नसतो. आठवडाभर काम करून आलेला, दमलेला, या खेळावर खरंच प्रेम असलेला माणूस असतो. पण त्याला शेजाऱ्याची गरज नाही. साखळी तुटली तर ट्रकात दुसरी आहे. आणि ट्रकातल्या कारागिराने शेजारच्या मंडपात जाऊन आपली युक्ती सांगणं म्हणजे मालकाच्या पैशाची चोरी.

गुडवुडच्या सप्टेंबरच्या सभेत हे सगळं एका जागी दिसतं. १९६६ साली बंद पडलेला ट्रॅक, पहिल्या शर्यतीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १८ सप्टेंबर १९९८ रोजी पुन्हा उघडला. प्रेक्षक चाळीस ते साठच्या दशकांतले कपडे घालून येतात, तीन दिवसांत लाखाच्या वर माणसं. तिथल्या सेंट मेरीज चषकात जुन्या सलून गाड्या धावतात, आणि पुष्कळदा एका दिवशी गाडी नामांकित व्यावसायिक चालवतो, दुसऱ्या दिवशी मालक. मिनी, कॉर्टिना आणि सात लिटरची गॅलेक्सी एकाच घोळक्यात. डोळ्यांचं पारणं फिटतं, मला तिथे जायला आवडतं, आणि मी पुन्हा जाईन. तरी एक पाहिलं. व्यावसायिक उतरले की वळणातली जागा आक्रसते. मोकळी जागा दिसली की घुसायचं हे त्यांचं शिक्षण, त्यावरच त्यांचं पोट. मग दुसऱ्या दिवशी मालकही तसंच करायला जातो, त्याच्याकडे ते कौशल्य नसताना. गाडीत कॅमेरे बसवायचे आणि टक्कर झाली की चित्रण पाहून निवाडा करायचा, हे आता अनेक मालिकांत रुळलं आहे. जुने चालक यावर नाराज असतात. मला कॅमेरा योग्य वाटतो. ज्यांना एकमेकांची ओळख नाही, त्यांच्यात साक्षीदार हवाच.

इथवर ऐकून वाटेल की मी फक्त हानी मोजतो आहे. तसं नाही. याच पैशाने एक मोठं काम केलं, आणि कोल्हापूरच्या माणसांना ते लगेच समजेल. जुन्या इंजिनाचा ब्लॉक फुटला तर नवा ओतावा लागतो. त्यासाठी लाकडाचा पॅटर्न करणारा हवा, साचा बांधणारा हवा. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतून हाताने खरवडणारा हवा. ॲल्युमिनियमचा पत्रा चाकावर फिरवून गोलाई देणारा हवा. ऐंशीच्या दशकात मी तिथे होतो तेव्हा ही कौशल्यं मरणाला टेकली होती. मोटार कारखाने बंद पडत होते, म्हातारे कारागीर निवृत्त होत होते आणि त्यांच्याकडे शिकायला कुणी नव्हतं. आज बिस्टरच्या जुन्या हवाईतळावर अशा कामांच्या शेड आहेत आणि तिथल्या हेरिटेज स्किल्स अकॅडमीत पोरं शिकाऊ म्हणून भरती होतात. ही पोरं पगार घेतात, घर चालवतात. मालकाने पाना खाली ठेवला म्हणून त्यांच्या हातात पाना आला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांनी घाम गाळला आहे, त्यांना याचं मोल मी काय सांगावं? हौशी माणूस स्वतः करतो तेव्हा संगत वाढते, हे खरं. पगारी कारागिराकडून करून घेतो तेव्हा विद्या टिकते, हेही तितकंच खरं. यातलं एक निवडा म्हटलं तर मला निवडता येत नाही. फक्त एवढं वाटतं की कारागिराचं नाव गाडीवर चालकाच्या नावाशेजारी यावं, आणि त्याच्या माहितीवर मालकाचं कुलूप नसावं.

दाराविषयीही न्यायाने बोललं पाहिजे. जुन्या पॅडॉकमध्ये शिरायला ओळख लागे. कुणाचा काका, कुणाची शाळा, बोलण्याचा ढंग, हे सगळं पाहिलं जाई. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे नम्रपणे पण दुरूनच पाहिलं गेलं. इंजिनाविषयी दोन नेमके प्रश्न विचारल्यावर मात्र अंतर गेलं. आज कुणीही तिकीट काढतो आणि पॅडॉकमध्ये फिरतो, स्त्रिया सगळ्या गटांत चालवतात, आणि आडनावावरून कुणी भुवया उंचावत नाही. पैशाने जुनं कुंपण पाडलं. त्याच पैशाने मंडपांची नवी कुंपणं घातली, पण निदान ती सगळ्यांना सारखीच आहेत.

मग जुनी संगत कुठे उरली आहे? माझ्या पाहण्यात, जिथे गाडी स्वस्त आहे आणि बघायला कुणी येत नाही तिथे. ७५० क्लबात आजही ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर पोरं गाड्या बांधतात. व्हिंटेज क्लबाच्या चाचण्या वेल्ससारख्या डोंगराळ भागांत होतात. शर्यत अशी नव्हे. चिखलाच्या उभ्या पाऊलवाटेवर गाडी किती वर चढते ते पाहायचं. मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून बरोबरचा माणूस सीटवर उड्या मारतो. बायको, मुलगी, शेजारी, जो हलका नाही तो. गाडी रुतली की मागचे स्पर्धक उतरून ढकलतात, कारण ती हलल्याशिवाय त्यांची पाळी येत नाही. तिथे मंडप लावायला सपाट जागाच नसते. चिखलात कुणाचं ओव्हरऑल स्वच्छ राहत नाही. आणि गाडी तीच असते जी सोमवारी दूध आणायला जाते.

इंधनाचा प्रश्न आता सगळ्यांच्याच दारात आला आहे. गुडवुडने २०२४ च्या सप्टेंबर सभेत सगळ्या शर्यती शाश्वत घटकांचं मोठं प्रमाण असलेल्या पेट्रोलवर घेतल्या. गाड्या व्यवस्थित धावल्या. हे इंधन महाग आहे, आणि ते सक्तीचं झालं तर पहिला फटका बसेल ऑस्टिन सेव्हनवाल्याला, जीटीओवाल्याला नाही. क्लबांनी हे आधीच बोलून ठेवावं, इंधनाचा भार सगळ्यांनी वाटून घेण्याची काही सोय करावी, असं मी तिथल्या मित्रांना सांगत असतो. हँडिकॅपचं गणित ज्यांना जमलं त्यांना हे जमायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची मुलं-सुना, लेकी-जावई आज बर्मिंगहॅमला, कोव्हेंट्रीला, ऑक्सफर्डला आहेत, आणि उन्हाळ्यात आपण तिकडे दोन-तीन महिने जातो. लंडनचा राजवाडा आणि पूल पाहून झाले की एक शनिवार प्रेस्कॉटसाठी ठेवा. व्हिंटेज क्लबाची सभा ऑगस्टमध्ये असते, तारीख आधी पाहून घ्या. चेल्टनहॅमपर्यंत रेल्वेने जाता येतं, पुढे टॅक्सी. पायात जुने बूट घाला, गवत ओलं असतं. वर जाऊन शर्यत पाहण्याआधी खाली बागेत जा. एखाद्या गाडीचं बॉनेट उघडं दिसेल आणि तिच्यावर कुणीतरी वाकलेलं असेल. त्याला विचारा, हा कार्ब्युरेटर मूळचा की मागाहून बसवलेला. तो हात पुसेल आणि सांगायला लागेल. मध्येच शेजारचा येऊन त्याचं म्हणणं खोडून काढेल. तुम्ही तिथेच थांबा, दोघांचंही ऐका, आणि जमलं तर इथल्या आपल्या मेस्त्रींनी डिझेल इंजिनं कशी दुरुस्त केली ते त्यांना सांगा. त्यांना ते ऐकायचं असतं.